जास्तीच्या दोनशे सतरा नोंदी

नोंदी कमी भरतील ही भीती सगळ्यांनाच होती. जास्त भरतील असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

१९९८ चा ऑक्टोबर होता. बेलापूरच्या खाडी संशोधन संस्थेत ग्रंथालयाचा कॅटलॉग जुन्या डॉस प्रोग्राममधून नव्या विंडोजच्या प्रणालीत न्यायचं काम चाललं होतं. जुन्या प्रोग्रामला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे कळायचे, आणि दोन हजार साल तोंडावर आलं होतं. त्यामुळे संचालकांनी घाई लावली होती. डिसेंबरात नव्या प्रणालीचं उद्घाटन ठरलं होतं आणि निमंत्रणपत्रिकेचा मजकूरही तयार होता.

ग्रंथपाल सुनीती केळशीकर जुईनगरला राहायची. छत्तीस वर्षांची, कामाला चोख. संस्थेत ती बारा वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागली आणि परीक्षा देत देत ग्रंथपाल झाली. कोणता अहवाल कोणत्या कपाटात आहे हे ती झोपेतही सांगू शकली असती. नवी प्रणाली बसवणाऱ्या कंपनीने क्षिप्रा नावाची चोवीस वर्षांची मुलगी पाठवली होती. ती तीन आठवड्यांपासून ग्रंथालयात ठाण मांडून होती.

त्या दिवशी दुपारी क्षिप्रा खुर्ची मागे सरकवून म्हणाली, "मॅडम, एक लोचा झालाय."

सुनीती ताडकन तिच्याकडे वळली. "किती गेल्या?"

"गेल्या नाहीत. जास्त आल्यात. जुन्या कॅटलॉगमध्ये एक्केचाळीस हजार तीनशे सहा. नव्यात एक्केचाळीस हजार पाचशे तेवीस. दोनशे सतरा एक्स्ट्रा."

"डबल झाल्या असतील."

"चेक केलं. एकही डबल नाही." क्षिप्राने स्क्रीन तिच्याकडे वळवला. "तुमचा जुना प्रोग्राम नोंद डिलीट केली की पुसत नाही, नुसती खूण करतो. मग ती स्क्रीनवर दिसत नाही, पण फाइलमध्ये असतेच. माझ्या प्रोग्रामने खूण बघितली नाही, सगळंच उचललं. माझीच चूक आहे. टेन्शन घेऊ नका, पाच मिनिटांत उडवते."

"थांब, थांब," सुनीती म्हणाली. "आधी बघू तर दे काय आहे ते."

तिला खरोखरच नुसती उत्सुकता होती. आपल्या ग्रंथालयात आपल्याला माहीत नसलेले दोनशे सतरा अहवाल असू शकतात, हे तिला पटतच नव्हतं. क्षिप्राने पहिली नोंद उघडली. सुनीती इंग्रजीतला मजकूर मोठ्याने मराठीत सांगू लागली. तशी तिला सवयच होती.

"बेलदांडा खाडी. मासे, शिंपले आणि मासेमार कुटुंबांमधला पारा. अंतिम अहवाल, मार्च १९८८…"

"बेलदांडा?" मागून आवाज आला. जाईबाई कपाटावरची धूळ पुसत होत्या. सात वर्षं त्या ग्रंथालयाची साफसफाई करत होत्या. त्यांचा चेहरा एकदम खुलला. "ओ बाई, ता आमचा गाव हाय! कंप्युटरमदी आमचा गाव आलाय? काय लिवलाय?"

सुनीतीची नजर पुढच्या ओळींवर गेली होती. तिने वाचणं थांबवलं. मनात मात्र ती वाचत राहिली.

सारांश असा होता: बेलदांडा गावातल्या सदतीस कुटुंबांमधल्या एकशे बेचाळीस माणसांचे केस तपासले. पाऱ्याचं प्रमाण धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर आढळलं. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी खाडीतले मासे व शिंपले खाणं ताबडतोब थांबवावं. गर्भातल्या मुलाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही सूचना गावाला विनाविलंब द्यावी.

"जाईबाई," सुनीतीने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "तुमच्या गावात कधी तपासणी झाली होती का? केसांची?"

"झालेली ना! माज्या लग्नाला दोन वरसा झालेली तवा. एक बाई नि दोन सायेब आलेले. सगल्यांच्या मानेवरची बट कापून नेली, पाकिटात घातली, वर नंबर लिवला. आमी हसलो. बोललो, केस नेऊन काय करतान? तं बोलले, तपासतान नि येऊन सांगतान." जाईबाईंनी फडका झटकला. "कोन आलाच नाय. तुमच्यात काय लिवलाय?"

"अजून वाचतेय," सुनीती म्हणाली.

जाईबाई मान हलवून पुढच्या कपाटाकडे वळल्या. त्या मजेत होत्या. आपल्या गावाचं नाव संस्थेच्या कंप्युटरवर आहे, हे त्या घरी जाऊन सांगणार होत्या.

सुनीतीला त्यांची मुलगी माहीत होती. मुक्ता. नऊ वर्षांची. भिंत धरून चालायची, तोंडातून दोन-चार आवाजांपलीकडे काही निघायचं नाही. आठव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं आणि जाईबाई पाणी भरायला बाहेर पडल्या होत्या, म्हणून पोर अशी निघाली, असं सासू मरेपर्यंत म्हणत राहिली. जाईबाईंचाही त्यावर विश्वास होता. दर अमावास्येला त्या उपास करायच्या.

सुनीतीने बोटांवर हिशेब केला. मुक्ताचा जन्म एकोणनव्वदच्या चैत्रातला. अहवाल अठ्ठ्याऐंशीच्या मार्चचा. म्हणजे गावाला सूचना द्या असं लिहून झालं, तेव्हा मुक्ता पोटातही नव्हती.

तिने अहवालाची तारीख पुन्हा एकदा वाचली.

क्षिप्राने एव्हाना पुढच्या नोंदी उघडल्या होत्या. महिन्या-महिन्याचे तक्ते, नकाशे, एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या पाइपाचे फोटो, बेलदांड्याशिवाय आणखी चार गावं. सगळ्या दोनशे सतरा नोंदी त्याच एका कामाच्या होत्या, आणि सगळ्या एकाच दिवशी रद्द झालेल्या.

"मॅडम, कुणी डिलीट केलं तेपण आहे यात," क्षिप्रा हळू आवाजात म्हणाली. आता तिच्याही लक्षात आलं होतं. "सात ऑगस्ट एकोणनव्वद. ऑपरेटर एस. जी. आर. हा एस. जी. आर. कोण? अजून आहे का इथे?"

सुनीती स्क्रीनकडे बघत राहिली.

"मॅडम?"

"मी," ती म्हणाली. "सुनीती गणेश रहाटे. लग्नाआधीचं माझं नाव."

क्षिप्राने तोंडावर हात ठेवला.

सुनीतीला तो दिवस आठवला, आणि आठवला याचाच तिला धक्का बसला, कारण आठवावं असं त्यात काहीच नव्हतं. तेव्हाचे ग्रंथपाल श्यामसुंदर उपासनी यांनी तिला एक फुलस्केप कागद दिला होता. त्यावर त्यांच्या सुंदर अक्षरात नुसते नंबर होते. "या डुप्लिकेट आहेत, काढून टाक," ते म्हणाले होते. तिने एकेक नंबर टाइप केला, हो का विचारलं की हो म्हटलं. जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं. सरांनी तिच्या वेगाचं कौतुक केलं होतं. तिने एकही नोंद वाचली नव्हती.

"उडवू नकोस," तिने क्षिप्राला सांगितलं. "एकही उडवू नकोस."

*

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती कामोठ्याला गेली. उपासनी सर निवृत्त झाल्यावर तिकडे नव्या सोसायटीत राहायला गेले होते. दार त्यांनीच उघडलं.

"अगं सुनीती! ये ये. अगं, ऐकलंस का, सुनीती आलीय," त्यांनी आत बायकोला हाक मारली.

या माणसाने तिला सगळं शिकवलं होतं. पुस्तक हातात कसं धरायचं इथपासून. वाटभर ती एकच गोष्ट मनात घोकत होती, की सरांनी ते वाचलं नसेल. आपल्यासारखंच कुणीतरी त्यांच्याही हातात नंबर दिले असतील.

तिने छापील कागद टीपॉयवर ठेवला. सरांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"हे कुठून आलं?"

"ते कधी पुसलंच गेलं नव्हतं, सर. नुसती खूण होती."

सरांनी कागद पालथा घातला. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"तुम्ही मला डुप्लिकेट म्हणून सांगितलंत."

"हो."

"तुम्ही वाचलं होतंत का?"

"सुनीती, त्या काळात ग्रंथालयात आलेला प्रत्येक अहवाल मी वाचायचो," सर म्हणाले. "हे सारांश मीच लिहिलेत. दोनशे सतराही."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "शेवटची ओळ पण? गावाला विनाविलंब सूचना द्यावी?"

"ती अहवालातली. मी फक्त उतरवली." ते खिडकीकडे बघत बोलत होते. "कारखान्याच्या मदतीने संस्थेची नवी प्रयोगशाळा उभी राहणार होती. संचालकांनी अहवाल वर्षभर दाबून ठेवला. तो लिहिणाऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या. मग हुकूम आला, ग्रंथालयातूनही काढा. प्रती माझ्यादेखत रद्दीच्या गाडीत गेल्या."

"आणि कॅटलॉगमधून काढायचं काम मला का दिलंत?"

"मला कीबोर्डवर हात ठेववेना." सरांनी चष्म्याची घडी घातली. "आणि तू वाचायची नाहीस. नंबर दिले की नंबर मारायचीस. मला माहीत होतं तू काही विचारणार नाहीस."

कुणी थोबाडीत मारली असती तर तिला एवढं लागलं नसतं. सरांच्या पत्नीने चहा आणून ठेवला, पण सुनीतीने कपाला हातही लावला नाही. ती उठली तसे सर दारापर्यंत आले.

"आता ते काढून टाक," ते अजिजीने म्हणाले. "दहा वर्षं झाली. उकरून काय होणार?"

"सर, आमच्याकडे साफसफाई करणाऱ्या बाई बेलदांड्याच्या आहेत. त्यांची मुलगी धड चालू शकत नाही."

"केवढी आहे?"

"नऊ वर्षांची."

सरांनी हिशेब केला. सुनीतीने तो त्यांच्या चेहऱ्यावर होताना पाहिला. त्यांनी सेफ्टी डोअरची जाळी घट्ट पकडली. ती जिना उतरेपर्यंत ते तसेच उभे होते.

*

अहवालाशिवाय नुसत्या नोंदींना काही अर्थ नव्हता. प्रती तर रद्दीत गेलेल्या. ऑफिसात परतल्यावर सुनीतीने दोनशे सतरा नोंदी शेवटच्या रकान्यापर्यंत वाचायला घेतल्या. दहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते आता करत होती. अंतिम अहवालाच्या नोंदीत तळाशी एक छोटा रकाना होता: विनिमय. संस्था एकमेकींना आपापल्या प्रकाशनांची एकेक प्रत पाठवतात, त्याची ती नोंद. एक प्रत एप्रिल अठ्ठ्याऐंशीत केरळातल्या एका मत्स्य ग्रंथालयाला गेली होती. इथून अहवाल नाहीसा झाला हे त्यांना कुणी कळवलं असण्याची शक्यताच नव्हती.

तिने नेहमीच्या छापील फॉर्मवर, नेहमीच्या भाषेत, महिन्याच्या मुदतीवर अहवाल मागितला.

दरम्यान संचालकांनी तिला बोलावलं. हे साहेब चारच वर्षांपूर्वी आलेले, त्यामुळे जुन्या प्रकरणाशी त्यांचा संबंध नव्हता. पण सगळं ऐकल्यावर ते म्हणाले, "मॅडम, माझ्या आधीची भानगड आहे. आकडे जुळायला हवेत. त्या काढा आणि नोंदी जुळल्याच्या सर्टिफिकेटवर सही करा."

"आकडे जुळतात, सर," ती म्हणाली. "एक्केचाळीस हजार पाचशे तेवीस." आणि तोच आकडा लिहून तिने सही केली. साहेब कागदाकडे बघतच राहिले. बारा वर्षांत तिने कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी रजिस्टर पोस्टाने पार्सल आलं. तपकिरी पुठ्ठ्याचा, न उघडल्यामुळे कोराकरकरीत राहिलेला अहवाल. शेवटी एकशे बेचाळीस जणांचा तक्ता. क्षिप्राने न सांगता दोन झेरॉक्स प्रती काढून आणल्या.

रविवारी सुनीती बेलदांड्याला गेली. जाईबाईंचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर होतं. बाई घरी आल्या म्हणून जाईबाईंची तारांबळ उडाली. त्यांचा नवरा भैरू ओटीवर जाळं पसरून बसला होता. त्याची बोटं इतकी कापत होती की सुतळी गाठीतून ओवायला त्याला चार-चार वेळा प्रयत्न करावा लागत होता. मुक्ता उंबऱ्याला धरून उभी होती.

सुनीतीने सगळं सांगितलं. आधी पारा म्हणजे काय, मग पाइप, मग मासे, मग केस. तक्त्यात कुटुंबप्रमुखांची नावं होती; सत्तावन्न ते एकसष्ट हे नंबर जाईबाईंच्या घराचे होते. एकसष्ट: स्त्री, वय चोवीस. तो आकडा तिने वाचला. मग अहवालाची तारीख वाचली. मग गरोदर बायकांबद्दलची ओळ.

जाईबाईंनी मुक्ताला जवळ ओढलं.

"म्हंजे गिराणाचा नवता?"

"नाही."

"मी पानी भराया गेली, त्याचा नवता?"

"नाही, जाईबाई. त्याचा काहीही संबंध नव्हता."

"मंग खाल्ल्याचा?" त्यांनी भैरूकडे पाहिलं. "मना तवा दुसरा काय जायाचाच नाय. यो रोज खाडीतल्या शिवल्या, शिंपल्या आनायचा माज्यासाटी. निवडून निवडून, मोट्या मोट्या. पोटातल्या पोराला ताकद येईल बोलायचा."

भैरूने हातातली सुतळी खाली ठेवली. त्याने एकदा मुक्ताकडे पाहिलं आणि मग जाळ्यात तोंड खुपसलं. त्याची पाठ हलत होती.

आता गप्प बसलं तर पुन्हा कधी बोलता येणार नाही, हे सुनीतीला कळलं. "अजून एक आहे," ती म्हणाली. "हे कंप्युटरमधून कुणीतरी काढून टाकलं होतं. ते मी काढलं. माझ्या हाताने."

"तुमी?"

"मला नंबर दिले होते. मी ते वाचलं नाही."

जाईबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. राग नव्हता त्यात. समजत नसल्यासारखं बघत होत्या.

"तुमाला वाचता येतं ना?" त्यांनी विचारलं.

सुनीतीने हातातली झेरॉक्स प्रत मिटली.

"जा तुमी आता," जाईबाई म्हणाल्या. "तो कागद हितं ठेवा नि जा."

*

बारा दिवस जाईबाई कामावर आल्या नाहीत. त्या काळात सुनीतीला मेमो मिळाला. परवानगीशिवाय बाहेरून अहवाल मागवल्याबद्दल आणि तो संस्थेबाहेर नेल्याबद्दल. तिने उत्तर लिहिलं, त्यात एकोणनव्वदच्या सात ऑगस्टला स्वतः केलेलं कामही लिहिलं.

तेराव्या दिवशी सकाळी अकराला खालून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, बायका आल्यात. पंधरा-सोळा. ग्रंथालयात जायचंय म्हणतात. काय करू?"

ती धावत खाली गेली. जाईबाई पुढे होत्या, ठेवणीतली साडी नेसून. मागे बेलदांड्याच्या बायका. काही जणींच्या काखेत मुलं होती, त्यातली दोन मान टाकून पडलेली.

"वाचाया आलोत," जाईबाई म्हणाल्या. "आमाला येत नाय. तुमी वाचा. सगला वाचा. हलू वाचा."

वाचकांच्या रजिस्टरात सुनीतीने एकेकीचं नाव लिहिलं. त्यांच्यातल्या शकुबाईने सही करायला नकार दिला, अंगठा दिला. मग त्या लांब टेबलाभोवती बसल्या आणि सुनीतीने पहिल्या पानापासून सुरुवात केली. तक्ता आला तेव्हा प्रत्येकीने आपापल्या घराचा आकडा विचारला. एकीचा मुलगा मेला होता, तरी तिने त्याचा आकडा दोनदा वाचायला लावला. संचालक दारापर्यंत आले, काही वेळ उभे राहिले आणि परत गेले. वाचन तीन दिवस चाललं.

पुढे या प्रकरणाला पाय फुटले. गावाने वकील गाठला, कारखान्याने हात वर केले, प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथे रेंगाळत राहिलं. सुनीतीची बदली भांडारात झाली. नोंदी मात्र नव्या कॅटलॉगमध्ये राहिल्या, कारण उद्घाटनाच्या दिवशी संख्या जाहीर होऊन गेली होती. उपासनी सरांनी तिला एक पत्र पाठवलं. वकिलाने बोलावलं तर आपण येऊ, एवढंच त्यात होतं. ते खरंच आले आणि सारांश आपणच लिहिले असं त्यांनी लिहून दिलं.

जाईबाई तिच्याशी पूर्वीसारख्या कधी बोलल्या नाहीत. पण उरलेल्या चार गावांना सांगायला हवं, हे त्यांनीच काढलं, आणि जानेवारीतल्या एका रविवारी त्या सुनीतीला घेऊन पहिल्या गावात गेल्या. देवळासमोर तीस-चाळीस माणसं जमली. सुनीतीने पिशवीतून अहवाल काढला.

"नको," जाईबाई म्हणाल्या. "मना पाठ हाय."

आणि त्या उभ्या राहून बोलू लागल्या. पाइप, पाणी, शिवल्या, केस, आकडे. एकही आकडा चुकला नाही. गरोदर बायकांबद्दलचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

पुढच्याच रांगेत एक तरुण बाई बसली होती. सातवा महिना असेल. ती हळूच उठून उभी राहिली.

"मी आताच खाऊन आलेय," ती म्हणाली. "रोजच खाते. आता मी काय करू?"

सगळे जाईबाईंकडे बघू लागले. जाईबाईंच्या पाठ केलेल्या मजकुरात त्याचं उत्तर नव्हतं. त्यांनी सुनीतीकडे पाहिलं. सुनीतीने अहवाल पिशवीत टाकला आणि दवाखान्यात जायला रिक्षा मिळते का ते बघायला रस्त्याकडे पळत सुटली. मागून जाईबाई त्या बाईचा हात धरून येत होत्या आणि तिला विचारत होत्या, नाव काय तुजा, कितवा महिना, घरात आनखी कोन कोन हाय.